गालावरचे तीन ठिपके

गोजरबाईला कुणी भित्री म्हटलं असतं तर अख्खं जवळा बाजार गाव हसलं असतं. या बाईनं एकदा लांडग्याच्या तोंडातून करडू ओढून काढलं होतं आणि वर लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला होता. पण नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकाशेजारच्या फोडाचा तुकडा तपासला, कातडीचा कॅन्सर असल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

फोड तसा वर्षभर गालावर मुक्कामाला होता. खपली धरायचा, पुन्हा चिघळायचा. गोजरबाई त्यावर हळद दाबायची आणि शेळ्यांमागं निघून जायची. डॉक्टरीणबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. हे हळूहळू पसरतं, आत्ता काढलं तर निभावेल, अंगावर काढलं तर डोळ्यापर्यंत जाईल, असं त्यांनी बजावलं.

ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा गोजरबाईची शेळी व्यायला झाली होती. दुसरी तारीख आली, तर मधे अमावस्या आडवी आली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तिचा मुलगा वैजनाथ समजावून समजावून थकला आणि शेवटी त्यानं औंढ्याहून मावशीला बोलावून घेतलं. अनुसयाबाई ही गोजरबाईची थोरली बहीण. तिच्यापुढं गोजरबाईचं काही चालत नसे.

अनुसयाबाई आली, पाणी प्याली आणि थेट मुद्द्यावर आली.

"शेळी व्याली, अमावस्या गेली. आता काहून बसून राहिलीस?"

गोजरबाई बाभळीखाली शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"मरायला न्हाई भेत मी, आक्का."

"मग?"

गोजरबाईनं फोडालगतच्या तीन हिरव्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "डॉक्टरीण म्हणली, फोडासंगं हे गोंदण बी जाईल."

अनुसयाबाईच्या गालावरही तसेच तीन ठिपके होते. लहानपणी दारावर गोंदणारीण आली, तेव्हा आईनं दोन्ही पोरींना एकाच दिवशी गोंदवून घेतलं होतं, स्वतःच्या गालावर होतं अगदी तसंच. गोजरबाई फार रडली होती, म्हणून आईनं तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. माणूस मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आई सांगायची.

"वर गेल्यावर आई मला कशानं वळखंल गं?" गोजरबाई म्हणाली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरेना.

अनुसयाबाई हसली नाही. हसणार कशी, तिचाही तोच विश्वास होता. मग तिनं विचारलं, "गोंदलं तवा तू केवढी व्हतीस?"

"आसंल आठ-नवाची."

"मग त्याच्या आधी आई तुला दुसऱ्याचं लेकरू समजून भाकर देत व्हती का?"

गोजरबाई डोळे पुसता पुसता थांबली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला हसू फुटलं, मग पुन्हा रडू आलं, आणि त्या गडबडीत एका शेळीनं तिच्या हातातला पाला ओढून नेला.

तिसऱ्या तारखेला ती बहीण आणि मुलासोबत नांदेडच्या गाडीत बसली. भीती काही गावात राहिली नव्हती, तीही बरोबर आली होती. वारंगा फाट्याला सगळ्यांनी चहा घेतला, पण गोजरबाईचा कप ओठापर्यंत जाईना. अनुसयाबाईनं तो खालून धरून वर नेला.

ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी पेनानं तिच्या गालावर गोल रेघ ओढली. तिन्ही ठिपके रेघेच्या आत गेले.

"आजी, बधिर करायला सुई टोचते हं. थोडं दुखेल, मग काही कळणार नाही."

"टोचा बाई. या गालाला सुई नवी न्हाई," गोजरबाई म्हणाली. मग लाज बाजूला ठेवून तिनं मागितलं, "कोणी तरी माझं डोकं धरा."

नर्सनं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. तळवे उबदार होते. गोजरबाईनं डोळे मिटले, आणि पहिली सुई टोचली तेव्हा ती हलली नाही.

काम नीट झालं. सगळं निघालंय असं वाटतंय, तपासणीचा निकाल आला की पक्कं सांगते, असं डॉक्टरीणबाई वैजनाथला म्हणाल्या. त्यानं तिथंच हात जोडले.

गोजरबाई बाहेर आली ती अर्ध्या तोंडाला पट्टी बांधून, एक डोळा सुजलेला, ओठ वाकडा. बाकावरून अनुसयाबाई उठली. तिचे डोळे भरून आले होते, पण जीभ शाबूत होती.

"कोण गं बाई तू? कोणाच्या घरची?"

गोजरबाईला ओठ नीट हलवता येत नव्हते. तरी तिनं थोरल्या बहिणीपुढं हात पसरला.

"आधी भाकर दे. मग सांगते."