चंदनला काय झालं होतं

देवपुरातल्या मोतीलाल नानांच्या घरात त्या हिवाळ्यात गरम पाण्याचा विषय काही केल्या मिटत नव्हता. थंडी पडली की नानांच्या पत्नी सुनंदाबाईंचे सांधे आखडत. सकाळी अंगावर भरपूर कढत पाणी पडल्याशिवाय त्यांचा हात वर होत नसे. मुलगा जितेंद्र म्हणत होता, विजेचा, टाकीवाला गिझर घेऊ. नानांना ते पटेना. आधी बटण दाबून वाट बघा, दोघांच्या आंघोळी झाल्या की तिसऱ्यानं पुन्हा थांबा, आणि ऐन सकाळी वीज गेली की बसा काकडत! शेवटी कोणाला न विचारता त्यांनी गॅसवरचा गिझर आणला. नळ सोडला की लगेच गरम पाणी, आणि हवं तेवढं.

"बठ्ठासले पुरी," खोकं ओट्यावर ठेवत ते खुशीत म्हणाले. सगळ्यांना पुरेल इतकं पाणी!

सून मोहिनी चहा गाळत होती. खोक्यावरचं चित्र दिसलं आणि तिचा हात थांबला. चहा तसाच ठेवून ती न्हाणीघराशी गेली. फिटर भिंतीवर खुणा करत होता.

"हा आतच लावणार?" तिनं विचारलं.

"सगळीकडे आतच लावतो ताई. फक्त खिडकी उघडी ठेवायची."

"थंडीत कोण ठेवतं उघडी?"

तिचा आवाज इतका चढला की सासू-सासरे दोघंही बाहेर आले. लग्न होऊन आल्यापासून या घरात मोहिनी कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"काय व्हयनं बेटा?" नानांनी विचारलं.

"नाना, हा लावू नका. माझा भाऊ यानंच गेला."

सुनंदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "चंदन? पण तुझ्या वडिलांनी तर अटॅक सांगितला होता."

"तिले बोलू दे," नाना बायकोला म्हणाले.

मग मोहिनीनं सांगितलं. जामनेरच्या घरी असंच छोटं न्हाणीघर होतं. वारा झोंबतो म्हणून चंदननं खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं होतं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. हाका मारल्या, तो ओ देईना. वडिलांनी, अण्णांनी, दार फोडलं तेव्हा तो बादलीशेजारी पडला होता, आणि शॉवर तसाच चालू होता. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस जळताना विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते, दाराच्या कडीपर्यंतसुद्धा पोचता येत नाही.

"मग अटॅक का सांगितला?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"लोक काहीबाही बोलायला लागले, आई. कोणी म्हणे फिट आली, कोणी म्हणे त्यानं काही खाल्लं. माझं लग्न जमवायचं होतं. अण्णांना वाटलं, अटॅक म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही."

नानांनी खोकं उचललं आणि फिटरच्या हातात दिलं. "हे दुकानात परत दे. टाकीवाला आण, मोठा. वीज जायच्या आधी तापवून ठेवू. थांबावं लागलं तर थांबू."

मग चपला घालून ते समोरच्या शालिग्रामभाऊंकडे गेले. त्यांच्याकडेही गॅसचाच गिझर होता. तो न्हाणीघरातून काढून मागच्या मोकळ्या अंगणात लावायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतल्यावरच नाना परतले.

टाकीचा गिझर बसला. सुनंदाबाई मात्र कामापुरत्याच बोलत. आपल्याला फसवलं, हे त्यांच्या मनातून जाईना. जितेंद्रनं समजावून पाहिलं, त्यालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. मोहिनी मान खाली घालून कामं उरकत राहिली. खरं सांगितल्याचा तिला पस्तावा नव्हता, पण आता माहेरचं नाव या घरात कसं निघेल, याची धास्ती होती.

एके दुपारी सुनंदाबाईंनी जामनेरला फोन लावला. बोटं आखडत म्हणून त्या फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवत. मोहिनी दारातच थबकली.

"विहीणबाई, चंदनचं मोहिनीनं सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला खोटं सांगितलंत, त्याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही. पण राहून राहून वाटतं, तुम्ही हे कोणाजवळ बोलला तरी होतात का?"

"नाही," पलीकडून मोहिनीच्या आईचा आवाज आला. "घरात त्याचं नावच घेत नाही आम्ही. हे उठून जातात." आणि मग तिला हुंदका फुटला.

"रडा," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणि सांगा मला. कसा होता पोरगा?"

आई सांगू लागली. तो केळीचे घड पाठीवर घेऊन पळायचा. बहिणीला सायकल शिकवताना स्वतःच पडला होता. भाकरी तव्यावरून थेट हातात लागायची त्याला. इतक्या दिवसांत मोहिनीनं आईच्या तोंडून चंदनचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

सुनंदाबाईंनी तिच्याकडे न बघताच आपल्या बाजूची जागा थोपटली. मोहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि दोघी ऐकत राहिल्या.