कढत पाणी

आषाढात लावणी सुरू झाली की बायजाला कशाचंच कौतुक राहत नसे. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं, पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाठ सरळ करायलाही भीती वाटायची. देवाकडे ती काही मोठं मागत नव्हती. मनसोक्त कढत पाण्याची एक आंघोळ, एवढंच. पण त्या घरात तेवढं मागणंही फार होतं.

बाजारकुणंगच्या अलीकडे, रानात, पाच-सहा घरांची त्यांची वस्ती. घरामागे न्हाणी, आणि न्हाणीत चुलाणावर बसवलेला मोठा हंडा. जाळ बाहेरून घालायचा, पाणी आतून घ्यायचं. व्हाळावरून, म्हणजे रानातल्या ओढ्यावरून, घागरी आणून हंडा भरायचा बायजानं, लाकडं लावायची बायजानं, आणि आंघोळीला सगळ्यांत शेवटी जायचं तेही बायजानंच. आधी नवरा लखू, मग त्याचे दोघे धाकटे भाऊ, मग सासू सुंदरी. जेवढं ऊन पाणी घेतलं तेवढं गार पाणी हंड्यात ओतून बाहेर यायचं, अशी घरोघरची रीत. या घरातल्या बाप्यांना रीत तोंडपाठ होती, ओतायचं मात्र रोज राहून जायचं. शेवटी कुणाला तरी आठवण होई आणि तो दोन घागरी गार पाणी एकदम ओती. तोवर जाळ विझत आलेला असे. बायजाच्या वाट्याला जे येई त्याला कोमट म्हणणं म्हणजे कोमट पाण्याचा अपमान होता.

शेजारच्या घरात फुलाक्का एकटी राहायची. नवरा हिवतापानं गेलेला. दोन्ही लेक कॅसलरॉकला आगगाडीत लाकूड भरायच्या कामाला गेले ते तिकडचेच झाले. रडायचं म्हटलं तर तिला कारणांचा तोटा नव्हता. पण दिवेलागणीच्या आधी ती रोज स्वतःपुरतं पाणी तापवायची, सावकाश न्हायची आणि ओले केस मोकळे सोडून उंबऱ्यावर पान खात बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. वस्ती तिला ‘राणीसरकार’ म्हणे, आणि त्यात कौतुक थोडं नि जळफळाट जास्त असे.

“फुलाक्का, तुमास्नी हसाय सुचतंय तरी कसं?” घागर घेऊन जाताना बायजानं एकदा थांबून विचारलं.

“दिसभर समद्यांचं करायचं आनि मग एक काम आपल्या जिवाचं करायचं. एकच. पर रोज. घर जळाय लागलं तरी चुकवायचं न्हाई.”

“आमच्यात न्हाई जमत.”

“जमत न्हाई कसं? तू मागतच न्हाईस.”

बायजाला राग आला. एकट्या बाईचं बरं असतं, बोलायला काय जातं! पण ते बोलणं पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत राहिलं.

दोनच दिवसांनी सुंदरी बांधावरून घसरली. उजवा हात खांद्यापासून सुजला, वर उचलेना. तिला न्हाऊ घालायचं काम बायजावर आलं. बाप्ये त्या संध्याकाळी वरच्या शेतात चिखलणीत अडकले होते, त्यामुळे हंडा काठोकाठ भरलेला आणि वाफाळलेला होता. सासूबद्दल बायजाच्या मनात फारशी माया नव्हती. आपल्या आधी जाऊन हीच उरलंसुरलं ऊन पाणी संपवते, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

तिनं सासूला दगडावर बसवलं, गार पाण्याचं विसण घालून पाणी बेताचं केलं आणि तिच्या पाठीवर दोन तांबे ओतले. तिसरा भरला, तोच सुंदरीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

“पुरे.”

“आत्ती, हंडा भरल्याला हाय. मागं कोन न्हाई अजून.”

“झालं गं माजं.”

“एवढ्यात?”

सुंदरीनं तिचं मनगट सोडलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, “मी नांदाय आले तवा घरात बाप्येच बाप्ये. मला दोन तांबे मिळायचे, ते बी गार. मी मनात म्हनायचे, थोरली हू दे, मग हंडा रिकामा करीन. झाले थोरली. पानी मिळाय लागलं. पर दोन तांबे झाले का हात थांबतोय. तिसरा घ्याया गेलं का वाटतंय, कुनाचं तरी चोरतोय आपन. आता तर ऊन पानी अंगाला सोसत बी न्हाई.”

बायजाला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जिचा एवढा राग केला ती बाई कधी धड न्हालीच नव्हती. आपणही त्याच वाटेनं चाललो आहोत. उद्या आपल्यापुढेही भरलेला हंडा येईल आणि आपण ‘पुरे’ म्हणू. पाणी न मिळणं त्यापेक्षा परवडलं.

सासूला कोरडं लुगडं नेसवून तिनं बाहेर चुलाणापाशी शेकत बसवलं. तेवढ्यात बाप्ये आले, चिखलानं माखलेले आणि काकडलेले. लखूनं घोंगडी खाली टाकली आणि तो सरळ न्हाणीकडे वळला.

“थांबा,” बायजा म्हणाली. “आज मी आदी न्हाते.”

लखू बघतच राहिला. “वारं शिरलंय काय तुज्या अंगात?”

“न्हाई. पाठ मोडलीया.”

“आमची काय शाबूत हाय व्हय? आई, ऐकतीस न्हवं ही काय म्हनतीया ते?”

सुंदरी जाळाकडे बघत बसली. बायजा आत गेली आणि तिनं झापाचं दार ओढून घेतलं.

पहिला तांब्या खांद्यावर पडला तेव्हा चटका बसला आणि मग पाठीतलं काहीतरी हळूहळू सुटत गेलं. तिनं दुसरा घेतला. बाहेर कुणी खाकरलं, कुणी पाय आपटले. धाकटा दीर मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “थंडीनं मरायची पाळी आली.”

तिसऱ्यासाठी बायजानं तांब्या हंड्यात बुडवला आणि हात तिथेच थांबला. कुणी धरला नव्हता. पण हात वर येईना. बाहेर तिघं काकडत उभे आहेत आणि आपण त्यांचं ओरबाडतो आहोत, असं वाटून तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं. इतक्या लवकर? आपलंही झालंच की सासूसारखं! ती तशीच बसून राहिली, आणि तिला रडू यायला लागलं.

“आटपलं का न्हाई?” लखू ओरडला. “आमी काय असंच उबं ऱ्हायाचं?”

“उबं ऱ्हायाचं नसंल तर घागरी घ्या आनि व्हाळावर जावा,” बाहेरून सुंदरीचा आवाज आला. “बायजा न्हातीया. पानी लागंल अजून.”

चुलाणात लाकूड सरकवल्याचा आवाज झाला. डाव्या हातानं सरकवलेलं, म्हणून दोनदा अडखळलं. मग सुंदरी भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाली, “थांबू नगंस गं. घे. माज्या वाटचं बी घे.”