घसा बधिर होईस्तोवर

खोलीत फिनेल, रबर आणि आधीच्या रोग्याच्या ओकारीचा मिळून आंबूस दर्प कोंडला होता. इनोकेने नाक दाबलं. फिजीतल्या कंदावू बेटावरचा हा चर्चमधला उपदेशक भलता टापटिपीचा. रस्त्यात कुणी थुंकलं तरी त्याचं जेवण बिघडायचं. पण तीन आठवडे त्याला डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. थोरला भाऊ असाच, कुणाला न सांगता, झिजून गेला होता.

रक्त कुठून जातंय ते पोटात नळी घालूनच कळणार होतं. ती घालणारा डॉक्टर परदेशातून आठवड्यापुरता राजधानीत, सुवाला आलेला. उद्या परत जाणार, पुन्हा येणार चार महिन्यांनी. चार महिने काही आपण काढत नाही, हे इनोके जाणून होता. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको लितियानाही जाणून होती.

दमेकरी छातीमुळे झोपेचं इंजेक्शन देता येत नव्हतं. घसा बधिर करूनच भागवायचं होतं.

"काय कंदावूकर, उपाशी आलात ना?" नर्स उनाइसीने विचारलं. दोघांच्या गावांचं पिढीजात थट्टेचं नातं, तेव्हा वयाचा मुलाहिजा नव्हता. "की पहाटेच चार करवंट्या यांगोना ढोसलीत?"

"तुमच्या गावच्या मुळांची गढूळ यांगोना आमच्याकडे डुकरंसुद्धा पीत नाहीत."

"बरं बरं. हे औषध घशाशी धरायचं, घोळवायचं. मी सांगितलं की मगच गिळायचं." तिने दोन्ही हातांनी पेला त्याच्यापुढे ठेवला, तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून ती दाराशी गेली.

पेल्यात शेंबडासारखा दाट लगदा होता. नासक्या केळ्यांचा वास. इनोकेने पुन्हा नाक दाबलं. पण थट्टेच्या नात्यातल्या बाईने दोन्ही हातांनी दिलेला पेला! यांगोनाच्या बैठकीत असा पेला टाळ्या वाजवून एका दमात संपवायचा असतो. हात आपसूक जुळले, हलकी एक टाळी वाजली, "बुला" म्हणून त्याने तो एका दमात रिकामा केला. खाली ठेवून तीन टाळ्या. लगदा गोगलगायीसारखा सरकत थेट पोटात गेला.

"धरलंत ना नीट?" उनाइसीने परत येऊन विचारलं.

पुन्हा तसलं तोंडात घ्यायचं?

"हो," तो म्हणाला.

नळी पडजिभेला लागली मात्र, त्याचं अंग धनुष्यासारखं ताठलं. तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी ओकारी नाकातोंडातून उशीवर आली. डॉक्टरने नळी ओढून घेतली.

"हा घसा बधिर झालेलाच नाही. आज राहू दे. बाहेर अजून दोघं आहेत."

इनोकेने हनुवटीवरचा चिकटा पुसला. भावाचं शेवटचं अंथरूण त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"डॉक्टर, मी खोटं बोललो. धरलं नाही. एका दमात प्यालो."

"अगं बाई!" उनाइसी म्हणाली. "टाळ्यापण वाजवल्यात?"

"वाजवल्या."

"किती?"

"आधी एक. मग तीन."

तिने हसू दाबत डॉक्टरला इथली रीत समजावली. डॉक्टर हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. "आणखी अर्धंच देता येईल. एकदाच."

या वेळी उनाइसीने पेला एका हाताने दिला.

ओकारीची आंबट चव तोंडात तशीच होती, तिच्यावर तो लगदा बसला. कडू, गोड, बुळबुळीत. इनोकेने मान मागे टाकली. घशात बुडबुडे गडगडले. लगद्यात त्याचीच लाळ मिसळून तोंड भरत चाललं. दुसऱ्या कुणाचं उष्टं तोंडात धरल्यासारखं वाटलं. प्रार्थना म्हणावी, तर प्रभूचं नाव या घाणीत आणायची लाज वाटली. तो नुसते आकडे मोजत राहिला. चाळिसाला जीभ मेली. साठाला घसा कुणा परक्याचा झाला.

"गिळा."

गिळलं की नाही, तेही त्याला कळलं नाही.

नळी गेली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळेची तार, पोटात वाऱ्याची घरघर. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाला, "सापडलं. अल्सर आहे, रक्त गळतंय. चिमटा लावून थांबवतो. गाठ कुठे दिसत नाही."

नंतर लितियाना आत आली. गाठ नाही हे त्याला तिला सांगायचं होतं, पण जीभ मांसाच्या गोळ्यासारखी पडून राहिली, आणि शब्दांऐवजी थुंकीची धार तिच्या मनगटावर ओघळली. त्याने किळसून तोंड फिरवलं.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "उनाइसीने सांगितलं मला सगळं."