गाठ सरकली नवती

मी एक जुना पाग हाय. जुना बोलून लाड करू नका, कुजलेला बोला. पाग मंजे हातानं फेकायचं गोल जाळं. वर शेंड्याला दोरी, खाली घेराला शिशाचे मनी. फेकनाऱ्याच्या हाताला सवय असली का हवेत छत्रीवानी उघडतो आनि पान्यावर सपाट बसतो. मी उघडायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारन माझ्यावर आठ वरसं खोटा आळ होता. आनि आळ घेनारा कोन? मास्तर. रोज सकाळी फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असं वळनदार अक्षरात लिवनारा मास्तर.

मित्रांनो, राग येतो. येनारच.

बेलापूरच्या खाडीवर दिवाळे गाव हाय. तिथं चांगदेवनं मला विनला. उलव्यापासून करावेपर्यंत कोनाला बी विचारा, पाग पायजे तर चांगदेवचाच. त्याची गाठ दातानं ओढली तरी सुटायची नाय. छप्पन सालच्या पावसाळ्यात तो ओटीवर बसला आनि तीन महिने बांबूच्या सुईनं एकेक घर टाकत गेला. कोनासाठी? पोरासाठी, रोहिदाससाठी. पोरगा शिकून मास्तर झालेला. आफ्रिकेत किसुमू नावाच्या गावात नोकरी लागलेली. गावाच्या पुढ्यात समुद्राएवढं तळं हाय, असं कोनीतरी सांगितलं, तर म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच बसलं: तळं हाय मंजे मासा हाय, मासा हाय तर पोराच्या हातात पाग पायजे.

पन बोटीची तारीख आली अलीकडं. मला झाडाची साल उकळून लाल पान्यात रंगवला, तो रंग नीट वाळला नाय तवर ट्रंकेत घातला. खाडीत एकदा बी फेकायला येळ मिळाला नाय.

आनि इथंच घोळ झाला. आमच्या गावची चाल अशी, का नव्या पागाचा पहिला मासा विननाऱ्याच्या ताटात पडला पायजे. तो पडत नाय तवर पाग पुरा झाला असं धरत नायत, आनि विननारा दुसऱ्या पागाचं सूत हातात घेत नाय.

मुंबईला जानारं होडकं धक्क्याला लागलं होतं. रोहिदास बोलला, "बा, तिकडनं मासा कसा धाडू? बोटीत वास मारंल."

"मासा नको रे. खवला धाड. पाकिटात मावतो. खवला आला का मी पुढचा पाग सुरू करतो. ह्यो गोटीराम कवापासनं नंबर लावून बसलाय."

गोटीराम शेजारचा. त्याचं तोंड चांगदेवच्या गाठीपेक्षा घट्ट, पन उलट्या बाजूनं. उघडलं का मिटायचं नाय. "मास्तर, लौकर धाड रे बाबा," तो बोलला, "नायतर तुझ्या खवल्यापायी माझी बायको मला जेवायला घालनार नाय!"

सगळे हसले. रोहिदास बी हसला. "पोचल्या पोचल्या धाडतो," बोलला. मी ट्रंकेत होतो. मी ऐकलंय.

किसुमूत त्याला एका घराच्या मागची खोली मिळाली. मालकीन सरस्वतीबेन, गुजराती बाई, घरात मासा-मटन चालत नाय, कांदा बी मोजून. बाई चांगली. पहिल्याच दिवशी मास्तर उपाशी नको मनून ताट वाढून आनलं आनि विचारलं, "मास्टरजी, पिताजी क्या करते हैं?"

आनि हा शिकलेला मानूस काय बोलला म्हायती हाय? "मिठागर है हमारा."

मिठागर! ज्याच्या बापाकडं मीठ विकत यायचं त्याचं मिठागर! कोनी गळा धरला नवता. बाईनं साधं विचारलं होतं.

एरवी मास्तराचं चाललं होतं बरं. सकाळी स्टोव्हवर चहा, कोळशाच्या इस्त्रीनं शर्ट कडक, मंग शाळेत गनित आनि विज्ञान. दुपारी वह्यांचा ढीग. संध्याकाळी खिडकीत बसून तिकडची भाषा घोकायचा. एक वही केली होती त्यानं, माशांची. डाव्या पानावर आपली बोय, जिताडा, निवटी. उजव्या पानावर तळ्यातला मासा, पेन्सिलीनं काढलेला, खाली तिकडचं नाव. खवलेसुद्धा मोजून काढायचा. चित्रं झकास यायची. त्या वहीवर कोनाची नजर पडू नये मनून ती उशीखाली, आनि मी खाटेखाली.

रविवारी पहाटे मला पिशवीत कोंबून, वर वर्तमानपत्र टाकून तळ्यावर निघायचा. चोरावानी.

पहिल्या रविवारी काठावर ओकुमू नावाचा एक मासेमार आपलं जाळं शिवत बसला होता. रोहिदासनं मला खांद्यावर घेतलं, दोरी मनगटाला बांधली, कंबर वळवली आनि फेकला. मित्रांनो, मी असा उघडलो! अंगावर एक सुरकुती नाय. वर ओढला तर सात मासे. ओकुमू हातातलं काम टाकून आला. माझी एक गाठ त्यानं नखानं उचकली, मंग दातात धरली. सुटली नाय. त्यानं खुनेनंच विचारलं, कोनी केलं?

"बाबा," रोहिदास बोलला. "माझा बाबा."

ओकुमूनं माझ्यावर हात फिरवला आनि मंग तोच हात आपल्या कपाळाला लावला. हे चांगदेवनं बघायला पायजे होतं! तीन महिने कंबर मोडून बसला होता म्हातारा. पन तो हजारो कोस लांब, ओटीवर, रिकाम्या हातानं टपालाची वाट बघत.

त्या संध्याकाळी रोहिदासनं सगळ्यात मोठ्या माशाचा खवला धुऊन, पुसून टेबलावर ठेवला. पाकिटावर पत्ता बी लिवला. तेवढ्यात सरस्वतीबेन वरनाची वाटी घेऊन दारात. खवला दिव्यात चमकला.

"ये क्या चमक रहा है, मास्टरजी?"

"अभ्रक," तो बोलला. "स्कूल के लिए."

बाई गेली. यानं घाबरून खवला ट्रंकेत ढकलला, माझ्यावर. तो घरंगळत माझ्या शेंड्याच्या गुंडाळीत, दोरी बांधतात तिथं, शिरला आनि घट्ट रुतला. दुसऱ्या दिवशी यानं शोधल्यासारखं केलं, सापडला नाय. पुढच्या रविवारी धाडू, बोलला. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार. मासे दर रविवारी, ओकुमूच्या चुलीवर. पाकीट एक नाय.

मंग बहिनीचं पत्र आलं. मैना चौथी शिकलेली, बा सांगायचा ती लिवायची. रोहिदासनं मोठ्यानं वाचलं: 'बा विचारतो, खवला का नाय आला? गोटीराम रोज दारात येतो. बा बोलतो, घाई नाय, पन कळव.'

आता तरी! पेन हातात होता. पन मास्तराला लाज वाटली, तीन महिने विसरलो असं कसं लिवू? आनि लिवलं काय? 'येथील पाण्यात आपला पाग नीट बसत नाही. मासा निसटतो. काळजी नसावी.'

काळजी नसावी! असं वाटलं, शिशाचा एकेक मनी त्याच्या पायावर आदळावा.

चांगदेव खोटं बोलनारा नाय, मनून त्याला दुसऱ्याचं खोटं बी ओळखता येत नाय. पुढचं पत्र: 'बा बोलतो, रंग वाळायच्या आधी पाग बांधला, माझीच गाठ सरकली असंल. बानं धक्क्यावर सगळ्यांना तसं सांगितलं. कोनाचं सूत घेत नाय आता. गोटीराम बोलतो, चांगदेवचा पाग आफ्रिकेत मासं मोकळं सोडतो. सगळे हसतात. बा पन हसतो.'

बा पन हसतो. रोहिदासनं ते वाचलं, घडी घातली आनि ट्रंकेत माझ्याच अंगावर ठेवली. घ्या, झाका आता!

माझे हाल त्याच्यानंतर झाले. खाडीवर आमच्यात एक शिस्त, का पाग खाऱ्या पान्यातनं आला का विहिरीच्या गोड्या पान्यात खळबळायचा. वाळवायचं वेगळं कोनी शिकवत नाय, कारन पाग टांगायची काठी दारातच उभी असते. तळ्याचं पानी मुळातच गोडं. रोहिदास स्वतःशी बोलला, "धुवायला नको, गोडंच तर हाय." आनि दोरीवर टाकला तर बाईला दिसंल, मनून ओलाच गुंडाळून ट्रंकेत. दर रविवारी ओला. दोन वरसांत माझं सूत काळं पडलं, बोट लावलं का तुटायचं. मंग मला कायमचा ट्रंकेच्या तळाला घातला.

चौसष्ट साली नोकरी संपली. निघायच्या दिवशी सरस्वतीबेन बोलली, "मास्टरजी, मछली की बास तो मुझे पहले इतवार से आती थी. कमरे में पकाते नहीं थे, फिर मुझे क्या?"

आठ वरसं! ज्या भीतीपायी बापाचं नाव बुडवलं, ती भीती बी पोकळ निघाली.

दिवाळ्याला आला तर चांगदेवच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रोहिदासनं घड्याळ दिलं, रेडिओ दिला. म्हाताऱ्यानं दोन्ही बाजूला ठेवलं.

"पाग कुठं हाय?"

"बा, तो खराब झाला. जाऊ दे ना."

"मैना, ट्रंक उघड."

मैनानं मला काढलं आनि बाच्या मांडीवर ठेवलं. त्याची बोटं माझ्यावर चालायला लागली. एकेक गाठ. मंग त्यानं एक गाठ उचलून जिभेला लावली.

"ह्यो भिजलाय."

"बोटीत लागलं असंल पानी, बा."

"बोटीचं पानी खारं. खार गाठीत बसतो, बोटाला खरखरतो. हितं खार नाय. ह्यो गोड्या पान्यात भिजलाय, लय येळा भिजलाय. मासा मिळत नवता तर इतक्या येळा फेकलास कशाला?"

रोहिदास ट्रंकेची कडी चाळवत बसला. गनिताचा मास्तर, आनि हिशोब त्याचा बाप तपासतोय.

म्हाताऱ्याची बोटं शेंड्याकडं गेली, गुंडाळीत शिरली, थांबली. काहीतरी चिमटीत घेऊन वर आली.

"मैना, काय हाय ह्ये?"

मैना वाकून बघायला लागली. "खवला, बा."

मी तो सोडला नवता, मित्रांनो. आठ वरसं सोडला नवता. धरलेलं सोडायचं नाय, हेच शिकवून मला धाडलं होतं.

चांगदेवनं खवला अंगठ्यानं दोनदा चोळला. मंग हळूच बोलला, "मंजे माझी गाठ सरकली नवती."

आनि पोराकडं तोंड करून, "मास्तर, तुमी उठा." जन्मात पहिल्यांदा पोराला तुमी बोलला. "धक्क्यावर चला. गाठ सरकली मनून आठ वरसं मीच बोंबलत हिंडलोय. आता मी उलटं सांगून कोन ऐकनार? तुमी सांगायचं."

धक्क्यावर पंधरा-वीस मानसं. गोटीराम ओरडला, "आले आफ्रिकेवाले! काय मास्तर, पाग आनला का तिकडंच सोडला माशासंगं?"

रोहिदासचा शर्ट कडक होता, आवाज नाय. "गोटीरामकाका, पाग चांगला होता. पहिल्या फेकीला सात मासे आले. खोटं मी लिवलं."

"बापाची लाज राखतो होय? फेकून दाखव."

रोहिदासनं मला खांद्यावर घेतलं. मला कळत होतं काय होनार. कंबर वळवली, फेकला. मी उघडलो. शेवटचा, पन पुरा उघडलो. ओढताना मधोमध टर्रकन फाटलो आनि रिकामा वर आलो.

"बघा!" गोटीराम हसत पुढं आला, फाटका तुकडा उचलला, आनि त्याचं हसू जागच्या जागी विझलं. सूत तुटलं होतं. गाठी सगळ्या जागेवर. त्यानं एक गाठ दातात धरली, ओढली, मान हलवून हलवून ओढली. दात दुखला तेवढा.

"चांगदेव," तो बोलला, पहिल्यांदाच हळू, "सूत कुजलंय रे. गाठ तुझीच हाय."

म्हाताऱ्यानं खवला कनवटीला लावला. "उद्या सूत आनून दे," बोलला.

बाला दिसत नाय, मनून गोटीरामचा पाग आता विनतो रोहिदास. बा शेजारी बसून बोटानं तपासतो आनि "सैल!" बोलून अख्खी ओळ उसवायला लावतो. अजून त्याला तुमीच बोलतो. गोटीराम रोज दारात येतो आनि विचारतो, "मास्तर, पास का नापास?"

मी ओटीच्या खांबाला टांगलेला हाय. येनारा-जानारा माझी गाठ ओढून बघतो आनि वा वा करतो. मला नको तुमची वा वा. मला मासे धरायला केला होता, खांबाला लटकायला नाय. जाळं वापरलं का वाळवा, एवढं तर कराच. आनि मित्रांनो, कोनाच्या हातचं काम तुमच्या कामाला आलं असंल, तर त्याला आज कळवा. पुढचा रविवार नको. तो तिकडं ओटीवर, आपलीच गाठ सैल होती असं धरून बसलाय. एक पाकीट लागतं आनि एक खवला. एवढं बी जमत नसंल, तर फळ्यावर काय लिवता ते आधी पुसा.