आपली, ताई

“‘केली’ नको, ‘झाली’ लिहा,” साहेब म्हणाले. “उशीर होतो, सर्दी होते, तशी चूक होते. कोणी केली ते जगाला कशाला सांगायचं?”

ताईने ऐकलं नाही. ‘चूक आम्ही केली’ असंच लिहून तिने मजकूर पुढे दिला.

कंपनी कानाची यंत्रं बनवते. मोबाइलवर अपडेट आलं आणि नऊशे माणसांची यंत्रं एका दिवसात मुकी झाली. आता ते अपडेट मागे घेतलं होतं. लोकांना तसं कळवणं हे ताईचं काम. अकरा वर्षं तिने याच लोकांना यंत्र कानात बसवायला शिकवलं, एकच गोष्ट दहा दहा वेळा, न चिडता. म्हणून ती घराघरात ताई. ‘अपडेट बिनधास्त घ्या’ हेही तिनेच लिहिलं होतं. त्याआधी तिने साहेबांना विचारलं होतं, “चाचणीत आवाज जात होता, त्याचं काय?”

“मिटलं ते.”

मिटलं नव्हतं. साहेबांना माहीत होतं.

दुपारी संदेश गेला. त्यात ‘केली’ नव्हतं आणि ‘झाली’ही नव्हतं. ‘काही ग्राहकांनी अपडेट अर्धवट सोडल्यामुळे अडचण आली. कृपया जुनं सॉफ्टवेअर पुन्हा घ्यावं. आपली, ताई.’

“साहेब, हे मी लिहिलेलं नाही.”

“पण नाव तुमचंच शोभतं. लोकांचा विश्वास आहे ना तुमच्यावर!”

अकरा वर्षं जपलेल्या विश्वासाचं या माणसाने फडकं केलं आणि हात पुसले.

तासाभरात शिंपीकाका काउंटरवर हजर. दोन्ही यंत्रं त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

“ताई, मी अर्धवट काही सोडलं नाही हो! तुम्ही सांगितलं तस्संच केलं. पोराने तुमचा मेसेज वाचला नि दुकानाची चावी काढून घेतली. म्हणतो, बाबा, आज यंत्राची वाट लावलीत, उद्या गिऱ्हाइकाच्या कापडाची लावाल.”

त्यांचा मोबाइल घेऊन ती जुनं सॉफ्टवेअर चढवू लागली. “काका, तुमचं काही चुकलं नाही.”

काका तिच्या ओठांकडे बघून ओशाळं हसले. “लिहून द्या. पोराला दाखवतो.”

“लेखी काही द्यायचं नाही हं,” मागून साहेब म्हणाले. “नोकरी जड झालीय का?”

काकांना ते ऐकू आलं नाही. तिला आलं. तिने कोरा कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं. खाली ‘ताई’ नाही, स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि सही केली.

काकांनी चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवलं.

“काकांनी सगळं बरोबर केलं! चूक आम्ही केली!”

टेबलाटेबलावरच्या माना वर झाल्या. रांगेतली माणसं पुढे सरकली. साहेब उठून दोन्ही हातांनी ‘हळू, हळू’ करू लागले. काकांचं लक्ष कागदात.

“हे आम्हाला आधीच माहीत होतं!”

काकांना वाटत होतं, आपण मनातल्या मनात वाचतोय.