तांड्याची ग्वाही

कोनं तरी माह्या नावानं काडी केली, हे मले फोन ठेवल्या ठेवल्या समजलं.

मी लॅबमंधी होती. पुसदच्या बसस्टँडमागं आमची रक्त तपासायची लॅब आहे. आमची म्हनजे सरांची, आमचा फक्त घाम. हातात एका मास्तरच्या रक्ताची नळी, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, अन् तिकडून नागपूरची मॅडम गोड आवाजात म्हनते, "वर्षा, तुमची मुलाखत छान झाली. पण तुमच्या तांड्यात चौकशी केली, त्यात जे कळलं ते आमच्या कामाशी जुळत नाही. साहेबांशी बोलते आणि उद्या कळवते."

काय कळलं, कोनं सांगतलं, ते काही नाही. फोन कट. अन् उद्या कळवते म्हनजे नाही, हे मले चांगलं मालूम आहे. सर बी पगारवाढीचं उद्याच पाह्यतात.

नोकरी कोनती, तर फिरत्या गाडीची. सिकलसेल हा रक्ताचा आजार तपासनारी मोठी गाडी, आतमंधीच लॅब. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, मंग तिकडं गुजरातचे डोंगर. थोडे दिवस एका जागी, की पुढं. त्या गाडीचा फोटो पाह्यला तवापासून मले दुसरं काही सुचत नव्हतं. अठी मी खिडकी नसलेल्या खोलीत लोकायची साखर मोजून राह्यली. रक्ताच्या नळ्या फिरवाचं यंत्र आहे ना आमचं, ते दिवसभर गरगर फिरते अन् मी त्याच्यापुढं उभी. हिशोब केला तर माह्यापेक्षा यंत्रच जास्त फिरलं असन.

आता मी संशयी आहे, हे सारेच म्हनतात. होईन नाही तर काय? मानूस म्हनते 'उपाशीपोटी आलो', अन् मिशीले चहाची साय लागलेली असते. दिवसभर असे लोक पाह्यले की आपोआप सवय लागते.

म्हनून पह्यला संशय शमावर गेला. शमा माह्यासंगंच काम करते. मुख्तार मिस्तरीची पोरगी, तो वाशिम रोडवर मोटारसायकली दुरुस्त करते. आमी दोघींनी त्या नोकरीले संगंच अर्ज केलता, अन् मंग तिनं माघार घेतली. काहून घेतली, ते मले काही पटलं नव्हतं.

"शमा, तूच तर काही सांगतलं नाही ना त्या नागपूरवाल्याईले?"

तिनं हातातला कापसाचा बोळा मले फेकून मारला. "तेरे दिमाग का टेस्ट कर पहले! मैं क्यों बोलूंगी?"

"मंग तू माघार काहून घेतली? तुह्या अब्बानं तर हो म्हनलं होतं."

"हो म्हनलं होतं, तीच तर पंचाईत," शमा म्हनाली. "उन्होंने ना बोला होता तो मैं झगड़ के जाती. हां बोले, तो मुझे सोचना पड़ा. अन् मले भेव लागलं. रोज नया गाँव, नया पानी. यहाँ सर चिल्लाते तो चिल्लाते, शाम को घर तो जाती मैं. तुले नाही लागत भेव?"

"लागते. पन अठी राह्याचं भेव त्याच्यापेक्षा जास्त लागते."

तिनं खाली पडलेला बोळा उचलून डब्यात टाकला. मंग म्हने, "तेरे तांडे में तेरे से कौन जलता, वो देख."

अन् माह्या डोकशात उजेड पडला. सुखीबाई! दुसरं कोन?

सुखीबाई आमची शेजारीन, भिंतीले भिंत लागून. तिचा भाचा पियुष, त्याच्यासाठी तिनं मले मागनी घातली होती, अन् मी नाही म्हनलं. तवापासून आमच्या घराशी तिचं बोलनं बंद. माही याडी दिसली की थुंकून आत जाते. याडी म्हनजे आई, आमच्या बंजाऱ्यायच्या गोर बोलीत. अशा बाईच्या दारात चौकशीवाला आला असन, तर तिनं काय सोडलं असन? मी अर्धी सुट्टी टाकली. सर खेकसले. म्हनलं खेकसा, अन् स्कूटी तांड्याकडं फिरवली.

तांड्यात शिरली तर लोक माह्याकडं पाहून हसून राह्यले. मनात पाल चुकचुकली. मारोतीच्या मंदिरापाशी धावजी नायक बसला होता, आमच्या तांड्याचा म्होरक्या. त्यानं हाक मारली.

"ये बाई, ये! आता पेढे घेऊनच येत जाय."

"कायचे पेढे, काका?"

"अवं, लाजते काहून? परवा पांढऱ्या गाडीतून येऊन गेला ना तो मानूस. कडक इस्त्री, पायात बूट. मी तर पाह्यल्याबरोबर वळखलं, पोराकडची पार्टी आहे. मोठ्या घरची दिसते."

मी स्कूटी बंद केली. "मंग? तुमी काय सांगतलं त्याले?"

धावजी काका सावरून बसला. मिशीवरून हात फिरवला. "आमी काही कमी नाही ठेवली बाई. तो मोठा बेरका. सरळ बोलेच ना. म्हने, मुलीला बाहेर फिरायची सवय आहे का, घराबाहेर राहू शकते का, अनोळखी लोकांत मिसळते का. मी म्हनलं, बेट्या, मले शिकवतं? मी सांगतलं, छे छे! आमची वर्षा म्हनजे गाय आहे गाय. नोकरी ते घर, घर ते नोकरी. वर मान करून पाह्यत नाही. रातची कुठी राह्याचं नाव नाही. परक्या मानसाशी तर बोलतच नाही."

"अन् बाकीच्याईनं?"

"बाकीच्याईनं बी तेच. जमनाबाईनं तर सांगतलं, बसमंधी बसली तरी तिले चक्कर येते. तांड्याची पोरगी ते साऱ्यायची पोरगी. पावन्यासमोर तिले कोनी उनं पडू देईन का?"

अवं माय! मी मंदिराच्या पायरीवर बसूनच गेली. आमच्यात रीतच आहे. लग्नाची पोरगी असलेल्या घरची कोनी चौकशी केली की सारा तांडा एका तोंडानं बोलते. आपसात कितीक भांडनं असो, पावन्यापुढं एक शब्द वाकडा निघत नाही. अन् फिरतीच्या नोकरीचा मानूस इचारून राह्यला पोरगी बाहेर टिकन का, अन् हे सारे भैताड त्याले सांगून राह्यले, पोरगी उंबरा ओलांडत नाही! मले हसावं का धावजी काकाचं मुंडासं ओढावं, समजेना.

"काका, तो सोयरीक पाहाले नव्हता आलता. माह्या नोकरीचा मानूस होता तो."

काकाचं तोंड उघडंच राह्यलं. "मंग त्यानं तसं सांगाचं ना!"

माहा राग काही उतरला नव्हता. साऱ्याईनं इतलं चांगलं सांगतलं, तर सुखीबाईनं काय सांगतलं असन? तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मले चैन पडनार नव्हतं. ती ओसरीत लसूण सोलत होती. मी उभ्यानंच इचारलं, "मावशी, परवा आलेल्या मानसाले माह्याबद्दल काय सांगतलं?"

ती लपवनारी बाई नव्हे. "खरं ते सांगतलं. म्हनलं, हे पोट्टी घडीभर घरात टिकत नाही. पायाले भिंगरी. स्कूटीवर एकटीच पार वाशिमपर्यंत जाऊन येते. कोनाले भेत नाही, कोनाचं ऐकत नाही, अनोळखी मानूस भेटला की त्याची सात पिढ्यायची चौकशी करते. अशी सून कोनाले पाह्यजे?" अन् वरून म्हने, "तुही सोयरीक मोडाची होती मले. माह्या पियुषले नाही म्हनते?"

मी पाह्यतच राह्यली. जिनं माहं वाटोळं कराले तोंड उघडलं, तिनंच एकटीनं माह्या कामाचं सांगतलं होतं. तिच्या पाया पडावं का तिचा लसूण फेकून द्यावा?

"मावशी, तो नोकरीवाला होता."

सुखीबाईनं सोललेली पाकळी सुपात टाकली. "तो नोकरीवाला होता हे मले त्यानं माहं बोलून झाल्यावर, जाताजाता सांगतलं. पन तुह्या याडीनं तोंड उघडाच्या पह्यलेच तिले मालूम होतं. माह्याकडून उठून तो तुमच्या ओट्यावर बसला अन् तिले सारं सांगतलं, कोनती गाडी, कुठी जानार. भिंतीले भिंत आहे, मले ऐकू येते. मंग तुही याडी काय बोलली, तेही इचार जाय."

मले ते खोटंच वाटलं. आग लावाची तिची सवय. पन इचारल्याशिवाय राहावलं नाही.

याडी, मानीबाई, परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. मी सरळ इचारलं. तिनं वर पाह्यलं नाही.

"हाव. मले मालूम होतं."

"अन् तू काय सांगतलं?"

"सांगतलं, माही पोरगी घर सोडून एक रात कुठी राह्यली नाही. तिले बाहेरचं पानी सोसत नाही. तिकडं घेऊन जासान तर आजारी पडन."

"काहून?"

"तू गेली असती म्हनून."

इतलंच. पीठ मळत राह्यली. मी शमावर संशय घेतला, सुखीबाईवर घेतला, साऱ्या तांड्यावर घेतला. काखेत कळसा अन् गावाले वळसा. मले राग बी आला अन् रडू बी आलं, पन राग पह्यले आला. मी ओरडली, "तुले माहं चांगलं पाहावत नाही!"

तवा तिनं परात सरकवली. "तुहा बाप लग्नापासून ट्रकवर आहे. आज इंदूर, उद्या रायपूर. फोन करते, 'पोचलो' म्हनते अन् ठेवते. त्या एका शब्दासाठी मी सारी उमर वाट पाह्यली. एक मानूस रस्त्याले देल्ला मी. आता दुसरं बी देऊ?"

तिचं खरं होतं. पन ती लॅबची खोली माह्या डोळ्यापुढं आली. आज गप्प बसली तर तठीच म्हातारी होईन, हे मले पक्कं समजलं. मी तिच्यासमोरच फोन लावला.

"मॅडम, आमच्या तांड्यात लोकांना वाटलं लग्नाची चौकशी आहे. म्हणून सगळ्यांनी मी घरकोंबडी आहे असं सांगितलं. एक बाई खरं बोलली. मी अजिबात घरात टिकत नाही."

मॅडम हसल्या. म्हनाल्या, "हो, त्या एका बाईंमुळेच आम्ही गोंधळलो. लग्नाचं वाटलं, ते समजू शकते. पण तुमच्या आईंना तर आमच्या माणसानं सगळं समजावून सांगितलं होतं. मागं दोन मुली घरच्यांमुळे अर्ध्यातून परत गेल्या, म्हणून विचारते. आई खोटं बोलल्या का?"

याडी माह्याकडं पाहून राह्यली होती. फोनचा आवाज तिले ऐकू येत होता. साऱ्या दुनियेले खोटं म्हनाले मी एका पायावर तयार, पन तो एक 'हो' माह्या तोंडून निघेना. तिकडून मॅडम "हॅलो, हॅलो" करत होत्या.

याडीनं पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला. मी म्हनलं गेलं, आता बट्ट्याबोळ करते.

"बाई, मी तिची आई बोलते. मी खोटं बोलली. पोरगीले बाहेरचं पानी सोसते, सारं सोसते. मलेच सोसत नाही. ते माहं मी पाहून घेईन. तिले घेऊन जा."

फोन तिनं माह्या हातात देल्ला. मॅडम म्हनाल्या, सोमवारी नागपूरले या. मी हो म्हनलं का नाही, मले आठवत नाही.

अन् मंग याडीनं माह्या गळ्यात हात टाकून सूर काढला. आमच्यात पोरगी लग्न होऊन तांडा सोडते तवा गळ्यात गळा घालून असं सुरात रडतात, शब्द जुळवून जुळवून. ढावलो म्हनतात त्याले. माही याडी तो ढावलो नोकरीसाठी म्हनून राह्यली होती. तो सूर निघाला की बाया घरात थांबत नाहीत. जमनाबाई आली, मागून आनखी आल्या. "ठरलं का? कुठी देल्ली? पोरगा काय करते?" असं इचारता इचारताच रडाले लागल्या.

"ठरलं," याडी म्हनाली. "चालली माही वर्षा."

कोनालेच काही समजलं नाही, पन साऱ्या रडल्या. शेवटी सुखीबाई आली. लसनाच्या हातानं मले मिठी मारली अन् साऱ्यायच्या वरचा सूर लावला. आता ते खरं रडून राह्यली का खोटं, मले बावा सांगता येत नाही. मी बी तिच्या खांद्यावर डोकं टाकून रडली.