बिनशिलाईची पांघरुणं

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली, की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये करुणेला भरती येते. पाथर्डी फाट्याजवळच्या 'गोदाई पार्क'मध्ये ती यंदा महिला मंडळाच्या अध्यक्ष वेदिका यांच्या मोबाइलमधून आली. व्हिडिओत एक बाई मऊ, केसाळ फ्लीसचे दोन तुकडे एकावर एक ठेवत होती, चारही कडांना कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्या कापत होती आणि वरची पट्टी खालच्या पट्टीला गाठ मारून बांधत होती. सुई नको, दोरा नको. झालं पांघरूण. ते गरजू शेजाऱ्यांना द्यायचं.

"शिवण येत नसलं तरी समाजसेवा करता येते, लताकाकू!" वेदिका म्हणाली.

"छान," तळमजल्यावरच्या लताबाई म्हणाल्या. "आता स्वयंपाक न येणाऱ्यांसाठी पण काहीतरी बघ."

लताबाई शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. पांघरुणं करायला त्याही गेल्या, कारण सोसायटीच्या हॉलमध्ये कचोरी होती.

तीन दुपारी काम चाललं. कापडावर गुलाबी पांडा अस्वलं होती. दुकानात तेवढंच एक छापील कापड भरपूर शिल्लक होतं म्हणे. गाठी कमी मारल्या गेल्या, फोटो जास्त निघाले. ज्यांच्या गाठी सुटत होत्या त्या बायका फोटोत पुढे होत्या. लताबाई मागे बसून घट्ट गाठी मारत राहिल्या. तीस पांघरुणं झाली.

मग लक्षात आलं, की गरजू शोधायचे राहिलेत.

वॉचमन नवनाथला विचारलं. त्याच्याकडे गेल्या दोन हिवाळ्यांतली चार होती. "एक मोटारसायकलवर टाकलंय मॅडम, एक सासऱ्यांना दिलं," तो अदबीने म्हणाला. शेवटी कुणाला तरी आठवलं, की मागच्या भिंतीपलीकडे नवी इमारत उठतेय आणि तिथे पत्र्याच्या खोल्यांत सुरगाण्याकडचे मजूर दोन महिने राहताहेत. इतक्या जवळ गरजू सापडल्याचा सर्वांना फार आनंद झाला.

रविवारी सकाळी बॅनर घेऊन मंडळ निघालं. पहिल्या खोलीपुढे ठमाबाई चुलीवर भाकरी थापत होती. तिने हात पुसले, पांघरुणावरून बोटं फिरवली.

"लय मऊ हाय, ताई. पण आम्हांला नको."

वेदिकाचं हसू जागच्या जागी थिजलं. "का बरं?"

"आम्ही विस्तवाशी निजतो. ठिणगी पडली का हे वितळतं नि अंगाला चिकटतं." तिने शेजारी बसलेल्या आपल्या मुलीची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकाकत होती. "मागल्या साली असंच कुणी दिलं होतं."

मग वेदिका म्हणाली, "बरं, निदान हातात धरा. एक फोटो."

ठमाबाईने धरलं. फोटो झाल्यावर व्यवस्थित घडी घालून परत दिलं.

"मग तुम्हांला हवं तरी काय?" लताबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पाणी. टँकर येतो तो बांधकामाला जातो. तुमच्या गेटपाशी नळ होता, तो दिवाळीनंतर बंद झाला. आता हायवे ओलांडून दोन हंडे आणते."

"तो कमिटीचा विषय आहे," वेदिका घाईने म्हणाली. "मंडळाच्या अखत्यारीत येत नाही."

नळ बंद करण्याचा ठराव झाला त्या सभेत 'गेटपाशी चिखल होतो' हे वाक्य लताबाईंचंच होतं. हातही त्यांनीच आधी वर केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या मोरीच्या नळाला पाइप जोडला आणि भिंतीवरून पलीकडे सोडला. ठमाबाईने काही न विचारता हंडा लावला. तासाभरात सेक्रेटरी महेश, म्हणजे वेदिकाचे यजमान, दारात हजर.

"काकू, ठराव झालाय."

"गेटच्या नळाचा. हा माझ्या मोरीचा आहे."

"पाणी सोसायटीचं आहे ना!"

"मग मी एक दिवसाआड अंघोळ करीन. तसा ठराव मांडा."

महेशने ठराव मांडला नाही, नोटीस मात्र पाठवली. जानेवारीतल्या सभेत ती वाचून दाखवण्यात आली. लताबाई उभ्या राहिल्या.

"नळ बंद करा असं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं. उघडा तो."

कुजबुज झाली. पाणी, सुरक्षा, संस्कृती यांवर तासभर भाषणं झाली. मग मत घेतलं. हात भराभर वर गेले, काही अर्ध्यावर थांबले. वेदिकाने छताकडे बघत हात वर केला. नवऱ्याने पाहिलं तरी हात खाली आला नाही. दोन मतांनी नळ उघडला. रोज सकाळी एक तास, प्रायोगिक तत्त्वावर. 'प्रायोगिक' या शब्दाने विरोधकांचंही समाधान झालं.

पांघरुणं जिची तिने घरी नेली. बी विंगमधल्या कुत्र्याला दोन मिळाली.

सोमवारी सातला नवनाथने नळाची तोटी फिरवली. ठमाबाई तीन हंडे आणि मुलीला घेऊन आली. लताबाई शाल गुंडाळून उभ्या होत्या.

"तुम्ही रोज उभं राहणार का, ताई?"

"छे, एवढ्या थंडीत?" लताबाई म्हणाल्या, आणि पहिला हंडा भरल्यावर तो उचलायला त्यांनी खालून हात दिला.